सीटखालचा आकडा

आमच्या इस्पितळाच्या बागेत दोन सख्ख्या जावा कामाला होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायचे. पगारपत्रकावरची नावं मलासुद्धा बघून सांगावी लागली असती, आणि मी तर तिथला स्टोअरकीपर, खुरप्यापासून सलाईनच्या स्टँडपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जायचं. ही हकिगत थोरलीची. थोडी मी डोळ्यांनी पाहिली, बाकीची तिनंच सांगितली. एका दमात नाही. वर्षभरात, स्टोअरच्या खिडकीशी उभी राहून, येईल तसं.

गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर थोरली अकरा वर्षं चालवत होती. इस्पितळासमोर मोठं लॉन आहे, वरून खाली उतरत जाणारं, आणि उताराच्या टोकाला धुलाईघराच्या चादरी वाळत घालायच्या दोऱ्या. एवढं गवत हातानं कापायचं तर चार माणसं लागली असती. थोरली एकटी कापायची. ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या पात्यांना धार तीच लावायची, तेल तीच बदलायची. बागेचे साहेब एकदा हौसेनं फोटोपुरते त्या सीटवर बसले होते, तर ते गेल्यावर हिनं ओल्या फडक्यानं सीट पुसून काढली. मी विचारलं, "काय वहिनी, साहेबांना धूळ लागली होती का?" तर म्हणाली, "त्यांच्या बसण्यानं स्पंज दबतो."

मग ती आजारी पडली. आधी ताप, मग कावीळ, मग पुन्हा ताप. दोन महिने अंथरुणाला खिळली. परत आली तेव्हा मी तिला लांबून ओळखलंच नाही. मुळातच शिडशिडीत बाई, त्यात हाडांचा नुसता सापळा झाला होता. कामावर घेण्याआधी ओपीडीत वजन केलं तर काटा एकेचाळीसवर थांबला.

तेवढ्या दोन महिन्यांत साहेबांनी ट्रॅक्टर धाकटीला दिला होता. धाकटी अंगानं भरलेली, आवाजानं मोकळी. ती हसली की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पेशंट डोकवायचे. नर्सा तिला हाका मारायच्या, वॉर्डबॉय तिच्यासाठी जागा धरायचे. तिनं कुणाचं वाईट केल्याचं मी ऐकलं नाही. पण जिच्या ताटातला घास उचलला जातो, तिला उचलणारीचा हात किती गोड आहे याचं काय कौतुक असणार?

साहेबांनी वाटणी केली. सकाळी वरचं लॉन थोरलीनं कापायचं, दुपारनंतर खालचं धाकटीनं. "तुमची तब्येत सुधारेपर्यंत," असं म्हणाले. थोरलीला ते "तब्येत सुधारली तरीसुद्धा" असं ऐकू आलं.

घरी तर आणखीच दुखत होतं. दोघा भावांचं घर एकच, चूल एकच. आजारपणात थोरलीची आठ वर्षांची मुलगी काकूच्या खोलीत झोपायला गेली होती, ती अजून तिथंच होती. थोरली कंगवा घेऊन बसली की मुलगी म्हणायची, "आई, काकूला घालू दे ना वेणी. ती घट्ट घालते, शाळा सुटेपर्यंत सुटत नाही." सासूबाईंना नखं कापायची झाली की हाक धाकटीला. "हिच्या हाताला धार आहे, पण लागत नाही," असं वर म्हणायच्या. थोरली ऐकायची, भांडी घासायची आणि भांडी जरा जास्तच आवाज करायची.

"मी मेले असते ना भाऊ," ती मला एकदा म्हणाली, "तर त्या घरातलं एक भांडंसुद्धा जागचं हललं नसतं. माझी खुंटी तेवढी रिकामी राहिली असती, आणि तिथं तिनं पर्स अडकवली असती."

परत आल्यावर पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर तिच्याखाली बंद पडला. पाती फिरताहेत, गवत उडतंय, जरा उंचवटा आला, सीट उसळली आणि इंजिन गप्प. तिनं पुन्हा चालू केला. दहा पावलांवर पुन्हा गप्प. सकाळभरात चौदा वेळा. दुपारी धाकटी बसली. एकदाही बंद पडला नाही. उतारावर नाही, उंचवट्यावर नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली.

तीन दिवस हेच. लोकांना तर विषयच हवा होता. कॅन्टीनवाला म्हणाला, "यंत्रालाही माणूस कळतं हो." एक नर्स म्हणाली, "दोन महिने नव्या मालकिणीची सवय झाली त्याला." थोरलीनं साहेबांकडे तक्रार केली की ट्रॅक्टरमध्ये दोष आहे, तेव्हा साहेब स्वतः सीटवर बसून एक फेरी मारून आले. साहेबांचं वजन नव्वदच्या घरात. ट्रॅक्टर कशाला बंद पडतोय! उतरून ते हसत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायला लागलं तुमचं." बोलून विसरून गेले. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली.

दोष कुठं आहे ते तिनं चौथ्या दिवशी स्वतःच शोधलं. रेतीचं अर्धं पोतं मांडीवर घेऊन ती ट्रॅक्टरवर बसली. मी खिडकीतून बघितलं आणि मला वाटलं, आजारपणात हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण पोतं मांडीवर असताना ट्रॅक्टर एकदाही बंद पडला नाही. पोतं उतरवलं, पहिल्या उंचवट्याला गप्प.

त्याचं कारण असं. या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक छोटा स्विच असतो. माणूस बसलं की तो दाबला जातो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठलं किंवा पडलं, तर स्विच सुटतो आणि इंजिन आपोआप बंद होतं, म्हणजे पात्यांखाली कुणाचा हातपाय जाऊ नये. हा स्विच अकरा वर्षांत झिजून गेला होता. जड माणसाखाली अजून नीट दाबला जायचा. एकेचाळीस किलोखाली कसाबसा टेकायचा, आणि जरा धक्का बसला की सुटायचा.

"यंत्राच्या लेखी मी सीटवर बसलेलीच नव्हते," थोरली मला म्हणाली.

तेव्हाच ती माझ्याकडे आली असती तर मी नवा स्विच मागवला असता. फार तर आठ दिवस लागले असते. ती आली नाही. आली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मग कॅन्टीनपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळ्यांना कळलं असतं की ट्रॅक्टर थोरलीला माणसात धरत नाही. शिवाय ते आठ दिवस ट्रॅक्टर पूर्ण वेळ कुणाकडे राहिला असता, हे सांगायला नकोच.

निवृत्त झालेल्या मिस्त्रींनी एकदा जुन्या ट्रॅक्टरवर वायरचा तुकडा घालून असा स्विच बाद केला होता, ते तिनं पाहिलेलं होतं. तिनं केसातला आकडा काढला. सीट पुढं पाडली, स्विचला जोडलेला प्लग ओढून काढला आणि प्लगच्या दोन भोकांत आकड्याची दोन टोकं खुपसली. वरून चिकटपट्टी गुंडाळली. आता ट्रॅक्टरला वाटणार की सीटवर कायम कुणीतरी बसलेलं आहे, मग बसलेलं असो वा नसो.

हे वाईट आहे हे तिला कळत होतं. म्हणून तिनं मनाशी ठरवलं की सकाळी आकडा घालायचा आणि दुपारी धाकटीकडे ट्रॅक्टर देण्याआधी काढायचा. कारण धाकटीला एक खोड होती. ती किल्ली फिरवून इंजिन बंद करायचीच नाही. चालत्या ट्रॅक्टरवरूनच उठायची, तो आपोआप बंद पडायचा, आणि ही खाली उतरायची. थोरलीनं दोनदा दटावलं होतं. "हो ताई," म्हणायची आणि पुन्हा तसंच.

पहिले दोन दिवस थोरलीनं आकडा काढला. त्या दोन सकाळी ती सरळ पाठीनं सीटवर बसली, सबंध वरचं लॉन एकदाही न थांबता कापलं, आणि कॅन्टीनसमोरून मुद्दाम एक जादा फेरी मारली.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ट्रॅक्टर शेडमध्ये लावून बाहेर आली तर झाडाखाली चार-पाच नर्सा आणि मध्ये धाकटी. धाकटी कुणाची तरी नक्कल करत होती. पाठ ताठ, मान वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि चेहरा असा की जणू विमान उडवतेय. सगळ्या खिदळत होत्या. थोरलीला बघून एकीनं धाकटीला कोपरानं ढोसलं. धाकटी वळली आणि हसतच म्हणाली, "ताई, या ना, तुमचंच चाललंय!"

थोरली वळून नळाशी गेली. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. आकडा काढायला शेडकडे परत गेली नाही.

"विसरले की राहू दिलं," ती मला म्हणाली, "ते मला अजून कळलेलं नाही, भाऊ. मी खूप वेळा स्वतःला विचारलं."

तीनच्या सुमाराला धाकटी खालच्या लॉनवर होती. वाटेत फांदी पडलेली दिसली म्हणून ती नेहमीसारखी उठली आणि एक पाय खाली टाकला. इंजिन बंद झालं नाही. ट्रॅक्टर पुढं सरकतच राहिला, तिचा दुसरा पाय अडकला आणि ती हातावर आपटली. ट्रॅक्टर तिच्याशिवाय उतारानं निघाला, पाती फिरताहेत, सरळ चादरींच्या दिशेनं. आणि चादरींमागं धोबीण मावशी चिमटे लावत होती. तिला चादरीपलीकडलं काही दिसत नव्हतं. कानानं तशीही ती थोडी कमीच.

थोरली कुंड्यांपाशी होती. ती धावली. दोन महिने अंथरुणावर पडलेली बाई, पण धावली. ट्रॅक्टर पहिल्या चादरीत शिरला, चादर पात्यांत ओढली गेली, चिंध्या उडाल्या, तेवढ्यात हिनं मागून सीट धरली आणि हात लांब करून किल्ली फिरवली. धोबीण मावशी चादर बाजूला सारून बघते तो पुढचं चाक तिच्या पायांपासून हातभर लांब. मावशी म्हणाली, "अगं, माझ्या चादरीवरून कशाला नेतेस?"

सगळे धाकटीकडे धावले. तिचं मनगट वाकडं दिसत होतं. आणि त्या गर्दीत, कुणाचं लक्ष नसताना, थोरलीनं सीट पाडली, चिकटपट्टी ओरबाडली, आकडा काढला आणि प्लग परत स्विचला लावला.

साहेब आले. सीटवर बसले, पाती सुरू केली, उठले. इंजिन ताबडतोब बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद. "यात तर काही बिघाड नाही," ते म्हणाले. "पदर किंवा पर्स सीटवर राहिली असेल. लक्ष कुठं होतं तुझं?"

धाकटी रडत म्हणाली, "मला आठवत नाही, साहेब."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. धाकटीला ट्रॅक्टरवरून काढलं आणि सकाळ-दुपार दोन्ही वेळा तो थोरलीकडे आला. मनातलं सगळं न मागता झालं. वरून धोबीण मावशीचा जीव वाचवला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

आता माणसाला वाटेल की तिला लगेच पश्चात्ताप झाला असेल. झाला, पण त्याआधी काय झालं तेही तिनंच सांगितलं. संध्याकाळी घरी आली तर धाकटी उशीला टेकून बसलेली, सासूबाई तिच्या पायावरून हात फिरवताहेत, शेजारणी बघायला आल्यात, आणि मुलगी काकूला चमच्यानं भरवतेय. "काकू, आ कर. मोठ्ठा." थोरली दारात उभी राहिली. "मी दोन महिने तापानं फणफणत होते," ती म्हणाली, "मला कुणी असं आ करायला लावलं नाही. तिचा हात माझ्यामुळं मोडलाय हे माहीत असून, भाऊ, त्या वेळीसुद्धा मला तिचा हेवाच वाटला. बघा मी कसली बाई आहे."



धाकटीचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. तिचं हसणं गेलं. गॅस बंद केला का ते बघायला चार-चार वेळा उठायची. पुतणीला शाळेत सोडायला जाईना. "रस्त्यात माझं लक्ष गेलं तर?" म्हणायची. "त्या दिवशी काय झालं मला आठवतच नाही, ताई. मी असं कसं केलं? मावशी मेली असती माझ्या हातून."

थोरलीनं आकडा पुन्हा घातला नव्हता, ट्रॅक्टर बंद पडेल तितक्या वेळा ती तो पुन्हा चालू करायची. पाचव्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली. "ट्रॅक्टरचा सीटखालचा स्विच मागवा."

"साहेब तर म्हणाले ठीक आहे."

"ठीक नाही. मागवा."

स्विच आला, काडेपेटीपेक्षा लहान. आमच्याकडं नियम आहे, नवा भाग घेतला की जुना जमा करायचा, म्हणून मीही शेडमध्ये गेलो. बघतो तर धाकटीही तिथं, गळ्यात हात अडकवलेली. थोरलीनंच तिला बोलावून घेतलं होतं.

थोरली काही न बोलता कामाला लागली. किल्ली काढून खिशात टाकली. ब्रेक लावला. बॅटरीची काळी वायर सोडवून बाजूला वळवून ठेवली. सीट पुढं पाडली, प्लग ओढला, जुना स्विच पाव फेरा फिरवला तसा तो निघून हातात आला. त्याचं बटण एका अंगाला झिजून तिरकं झालं होतं. दाबलं की आळसावल्यासारखं अर्धंच वर यायचं. नवा स्विच खाचेत बसवून फिरवला, टक असा आवाज झाला. प्लग लावला, बॅटरी जोडली. मग ती सीटवर बसली, पाती सुरू केली, मुद्दाम उसळून बघितलं. ट्रॅक्टर चालूच. मग उभी राहिली. बंद. एकेचाळीस किलो आता त्याला पोचत होते.

मग खाली उतरली आणि जावेसमोर उभी राहिली.

"तुझं लक्ष होतं," थोरली म्हणाली. "सीटवर काही राहिलं नव्हतं. मी प्लगमध्ये आकडा घातला होता. माझ्याखाली बंद पडत होता म्हणून. दुपारी काढायचा होता, मी काढला नाही. तू पडल्यावर काढला."

धाकटी आधी हसली. तिला वाटलं समजूत घालायला काहीतरी रचून सांगतेय. मग तिनं थोरलीचा चेहरा बघितला, मग माझा.

"तेरा दिवस," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "तेरा दिवस मी वेडी झालेय की काय असं मला वाटतंय. हात मोडला त्याचं काही नाही, ताई. हात जुळेल. तुम्ही रोज समोर बसून बघत होता ना मला गॅस तपासताना?"

थोरलीनं होकारार्थी मान हलवली.

"आणि तुम्हाला बघवत होतं?"

धाकटी निघून गेली. थोरलीनं जुना स्विच माझ्या हातात ठेवला आणि तिथून सरळ साहेबांच्या खोलीत गेली. आतला आवाज व्हरांड्यात ऐकू येत होता. तिला ट्रॅक्टरवरून काढलं, लेखी ताकीद दिली, आणि बेमुदत कुंड्यांवर टाकलं. घरी काय झालं ते मी विचारलं नाही. एवढंच सांगितलं तिनं की मुलीनं विचारलं, "काकूचा हात तू मोडलास?" आणि ती "हो" म्हणाली. त्या रात्री मुलगी आईकडे आली नाही, काकूकडेही गेली नाही, आजीच्या कुशीत जाऊन झोपली.

महिना-सव्वा महिना दोघींत अबोला होता. एका चुलीवर दोन बायका, आणि शब्द नाही. सासूबाई मध्ये निरोप्याचं काम करायच्या.

धाकटीचं प्लास्टर निघालं. साहेबांनी ट्रॅक्टर तिला दिला, पण ती बसायला तयार होईना. जवळ जायची, सीटला हात लावायची, परत फिरायची. गवत गुडघ्यापर्यंत आलं. शेवटी एका दुपारी ती कुंड्यांपाशी आली आणि थोरलीला म्हणाली, "मला दाखवा सीटखालचं सगळं. दुसऱ्या कुणी तपासलंय, एवढ्यावर भरवसा ठेवून मी आता बसणार नाही."

थोरली हात धुऊन उठली. दोघी शेडमध्ये गेल्या. थोरलीनं दाखवलं: प्लग कसा काढायचा, स्विच कुठल्या अंगाला फिरतो, वायर सोलली असेल तर कशी ओळखायची, बसण्याआधी रोज काय बघायचं. धाकटीनं एकदा बघितलं आणि डोळे मिटूनही जमेल इतक्या सहज सगळं तस्सं करून दाखवलं. मनगट अजून आखडलेलं, तरी बोटं भराभर चालत होती.

"मला हे शिकायला पाच वर्षं लागली होती," थोरली मला सांगत होती. "तिला एका दुपारी जमलं. मला परत तिचा हेवा वाटला बघा. तिथंच, त्या शेडमध्ये."

"मग?"

"मग काय? बरोबर केलंस, म्हटलं. खरंच बरोबर केलं होतं तिनं."

आता दोघी बोलतात. पूर्वीसारखं नाही, पण कामाचं बोलता बोलता कधी दुसरंही काही निघतं. धाकटी किल्ली फिरवल्याशिवाय उतरत नाही. नर्सांत बसून कुणाच्या नकला करत नाही. हसायला लागलीय, तेवढ्या मोठ्यानं नाही. मुलगी वेणी एक दिवस इथं, एक दिवस तिथं घालून घेते, स्वतःच वाटणी करून.

साहेबांनी दुसरा ट्रॅक्टर मागवलाय. आता वर्षभरानं थोरलीला पुन्हा ट्रॅक्टर देणार असं म्हणतात. मी तिला परवा सांगितलं तर तिनं आधी विचारलं, "नवा कुणाला देणार?"

मी म्हटलं, "नवा धाकटीला. जुना तुम्हाला."

तिनं खिडकीच्या कठड्यावरून हातमोजे उचलले आणि म्हणाली, "पेट्रोलचा पाइप चिरलाय जुन्याचा. तेवढा मागवून ठेवा."